टॅपेटचा आवाज: वाजणारं इंजिन जास्त धोक्याचं की अचानक गप्प झालेलं?

पनवेलमध्ये ट्रकचा आवाज ही काही बातमी नाही. न्हावा शेवा बंदराकडून येणारा रस्ता, जुना मुंबई-पुणे हायवे, कळंबोलीपासून सुरू होणारा द्रुतगती मार्ग आणि गोव्याकडे जाणारा हायवे, सगळे याच परिसरात एकमेकांना भेटतात. न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून कंटेनरचे ट्रेलर, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रक, तळोजा एमआयडीसीतले टेम्पो आणि शाळेच्या व्हॅन यांची इथे कायम ये-जा असते. साहजिकच गॅरेजही भरपूर आहेत.

या गॅरेजांमध्ये रोज ऐकू येणारं एक वाक्य आहे. "मिस्त्री, टॅपेट वाजतायत. जरा आवाज बंद करून द्या."

मागणी साधी वाटते, पण गडबड तिथेच होते. टॅपेटचा आवाज दोन मिनिटांत बंद करता येतो. स्क्रू थोडा आवळला की झालं. गाडी गप्प होते, मालक खूश होतो आणि काही महिन्यांनी त्याच गाडीचं हेड उतरवावं लागतं.

असं का होतं? टॅपेट नेमका का वाजतो? तो आवाज टॅपेटचाच आहे हे कसं ओळखायचं? आणि दुरुस्तीला गेल्यावर गाडीमालकाने काय विचारायचं? एकेक करून पाहू.

आधी समजून घेऊ: टॅपेट म्हणजे नेमकं काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला श्वास घ्यायला आणि सोडायला दारं असतात. हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह आणि जळलेला धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ही दारं उघडण्याचं काम कॅमशाफ्ट करतो. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा.

जुन्या धाटणीच्या ट्रक इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याच्या उंचवट्यावर टॅपेट बसतो, टॅपेटवर लांब पुशरॉड उभा असतो आणि पुशरॉड वरच्या रॉकरला ढकलतो. रॉकर सी-सॉसारखा हलतो आणि त्याचं दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. व्हॉल्व्ह पुन्हा बंद करायचं काम स्प्रिंगचं. या सगळ्या साखळीला इंग्रजीतून आलेलं नाव व्हॉल्व्हट्रेन. पण गॅरेजच्या भाषेत यातला कुठलाही भाग वाजला तरी "टॅपेट वाजतोय" असंच म्हणतात.

अनेक छोट्या व्हॅनमध्ये कॅमशाफ्ट वर हेडमध्येच असतो, त्यामुळे पुशरॉड नसतात. तत्त्व मात्र तेच.

मग या साखळीत फट का ठेवतात?

रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते. कारण लोखंड तापलं की वाढतं. १५ सेंटीमीटर लांबीची पोलादी सळई १०० अंशांनी तापली, तर ती साधारण ०.१८ मिलिमीटरने लांब होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तर लोडवर ७०० अंशांच्या आसपास तापू शकतं. हेड आणि ब्लॉकही तापून वाढतात, पण प्रत्येकाची वाढ वेगळी. हा फरक सामावून घ्यायला जागा हवी, म्हणून ही फट.

ती किती असावी, हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं. उदाहरण म्हणून कमिन्सचं जुनं १२ व्हॉल्व्हचं ५.९ लिटर बी सिरीज इंजिन घ्या. त्यात थंड इंजिनावर इनलेटला ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर फट ठेवतात. एक्झॉस्टची फट दुप्पट, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो. हे आकडे दुसऱ्या इंजिनाला लावू नका. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा इंजिनावरच्या पट्टीवर मिळेल.

आता फट वाढली तर काय होतं? रॉकर हळूच टेकण्याऐवजी व्हॉल्व्हवर आपटतो. तीच ती टिक-टिक. ७०० आरपीएमच्या आयडलला एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला ३५० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६ वेळा. १५०० आरपीएमवर १० तास गाडी चालली तर एका व्हॉल्व्हवर साडेचार लाख ठोके बसतात. त्यामुळे वाजणारा टॅपेट वर्षानुवर्षं तसाच ठेवणंही बरोबर नाही. रॉकर, दांडी आणि कॅम झिजत जातात.

पण फट कमी झाली तर? आवाज येत नाही, आणि खरी भीती इथेच आहे.

गप्प बसलेला व्हॉल्व्ह कसा जळतो?

एक्झॉस्ट व्हॉल्व्हला लागलेली उष्णता बाहेर जाण्याचा मुख्य मार्ग म्हणजे त्याची सीट. व्हॉल्व्ह बंद होऊन सीटवर घट्ट बसतो, तेव्हा साधारण तीन चतुर्थांश उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. तापलेला तवा पाण्यात टेकवल्यासारखं हे दर फेरीला घडतं.

फट उरलीच नाही, तर तापून लांब झालेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. केसाएवढी जागा उघडी राहते. मग एक तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही. आणि वर, स्फोटाच्या वेळचा पेटता वायू त्याच फटीतून जोराने बाहेर पडतो, गॅस कटरच्या ज्योतीसारखा. व्हॉल्व्हची कड जळते, तिला खाच पडते, कॉम्प्रेशन जातं. क्वचित व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं. तेव्हा पिस्टन, लायनर, हेड सगळंच जातं.

म्हणून अनुभवी मिस्त्री एक गोष्ट सांगतात: वाजणारा टॅपेट तक्रार तरी करतो. आवळलेला टॅपेट काही न बोलता इंजिन खातो.

सीएनजी गाड्यांनी जास्त काळजी का घ्यायची?

मुंबई, ठाणे, रायगड पट्ट्यात व्हॅन, टेम्पो आणि छोटे ट्रक मोठ्या संख्येने सीएनजीवर चालतात. सीएनजी कोरडं इंधन आहे. पेट्रोलचे थेंब इनलेटच्या वाटेत उडून थोडा थंडावा देतात, तसं इथे होत नाही. द्रव इंधन जळून व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये जो पातळ थर बसतो, तोही फारसा बसत नाही. त्यामुळे धातूवर धातू थेट आपटतो आणि सीट जास्त वेगाने झिजते.

सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत सरकतो. त्याची दांडी तेवढीच वर, रॉकरकडे येते. म्हणजे फट आपोआप कमी होते. गाडी दिवसेंदिवस जास्त शांत होत जाते आणि मालकाला वाटतं, इंजिन छान बसलं!

कंपनीतूनच सीएनजीवर आलेल्या गाड्यांना कडक धातूच्या सीट दिलेल्या असतात, त्यामुळे हा त्रास कमी होतो. पण नंतर किट बसवलेल्या जुन्या व्हॅनमध्ये फट तपासायचं वेळापत्रक पाळलंच पाहिजे. तिथे आवाजाची वाट पाहत बसणं चूक, कारण आवाज येणारच नाही.

प्रत्येक टिक-टिक टॅपेटचीच असते का?

नाही. निम्मी चूक इथेच होते. आवाज ऐकताना स्वतःला चार प्रश्न विचारा: आवाज कधी येतो, कोणत्या तालात येतो, कुठून येतो आणि लोड पडल्यावर बदलतो का?

टॅपेटचा आवाज हलका आणि धातूचा असतो, इंजिनाच्या वरच्या भागातून येतो. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याचा ताल तुलनेने सावकाश असतो. आयडलला टिका मोजता येतील इतका. रेस दिली की ताल वाढतो, पण लोड पडल्याने आवाजात मोठा फरक होत नाही.

आता त्याच्यासारखे वाटणारे आवाज:

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती. सकाळी थंड गाडीला टिक-टिक, गाडी तापली की गायब. लोखंड तापून फट मिटते, म्हणून. मॅनिफोल्डच्या जोडाजवळ काळी काजळी दिसली तर आधी गॅस्केट आणि बोल्ट बघा. टॅपेट कव्हर उघडायची गरज नाही.

इंजेक्टर. डिझेल इंजिनात इंजेक्टरचा ठोकाही टॅपेटच्याच तालात येतो, त्यामुळे कान सहज फसतो. जुन्या, पंप आणि पाइपच्या इंजिनावर मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करून बघतात. त्या सिलिंडरचं डिझेल तुटल्यावर आवाज बदलला तर दोष इंजेक्टर, पिस्टन किंवा बेरिंगकडे असण्याची शक्यता जास्त. आवाज तसाच राहिला तर संशय टॅपेटवर. पण कॉमन रेल इंजिनावर ही युक्ती कधीही करू नका. तिथे डिझेलचा दाब १००० बारच्याही वर जातो. बारीक फवारासुद्धा कातडी फोडून आत शिरतो आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. अशा गाडीवर स्कॅनर लावून इंजेक्टर बंद करून बघतात.

बेरिंगचा ठोका. हा जड असतो, खालून चेंबरकडून येतो आणि लोडवर वाढतो. सोबत ऑइल प्रेशर कमी दिसत असेल तर इंजिन तिथेच बंद करा. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ असा विचार करू नका.

पिस्टनचा आवाज. थंड इंजिनात खडखड, तापल्यावर कमी. हा वरून नव्हे, ब्लॉकच्या बाजूने येतो.

एअर कॉम्प्रेसर. ट्रकच्या ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच असतो आणि त्याचं बेरिंग झिजलं की तोही ठोकतो. टाक्या भरून कॉम्प्रेसर रिकामा फिरायला लागला आणि आवाज बदलला, तर दोष तिथे आहे.

जागा शोधण्यासाठी मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर टेकवून मूठ कानाला लावतात. ही पद्धत चांगली आहे. फक्त पंखा आणि बेल्टपासून हात, बाही आणि गळ्यातला रुमाल दूर ठेवा.

आधी ऑइल, मग पाना

कव्हर उघडण्याआधी ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल कमी असेल तर वरपर्यंत पोचत नाही. जास्त असेल तर क्रँक त्यात घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. डिझेल मिसळून पातळ झालं असेल तर वास येतो आणि कांडीवर पातळी वाढलेली दिसते.

काही इंजिनांत ऑइलचं महत्त्व आणखी मोठं असतं, कारण तिथे फट ठेवायचं कामच ऑइल करतं. यांना हायड्रॉलिक टॅपेट म्हणतात. महिंद्राच्या एमहॉकसारख्या इंजिनात हीच रचना आहे. आतली बारीक पिचकारी ऑइलच्या दाबाने भरते आणि फट शून्यावर ठेवते. त्यामुळे तिथे स्क्रू फिरवून सेट करायला काही नसतंच. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर काही सेकंद टिक-टिक झाली तर घाबरू नका. तापल्यावरही आवाज राहिला तर क्रम असा: ऑइलची पातळी, योग्य ग्रेडचं नवं ऑइल आणि फिल्टर, ऑइल प्रेशरची गेज लावून तपासणी, आणि शेवटी टॅपेट बदलणं.

आणखी काही इंजिनांत स्क्रूऐवजी ठरावीक जाडीच्या चकत्या असतात. तिथे फट मोजून, हिशोब करून योग्य जाडीची चकती बसवावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हाच, की आपल्या इंजिनात कोणती रचना आहे?

आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल किंवा डब्यातलं कुठलं तरी औषध टाकायचा मोह होतो. त्याने दुखणं बरं होत नाही, फक्त ऐकू येईनासं होतं.

टॅपेट सेटिंग कसं होतं?

स्क्रू असलेल्या इंजिनात काम असं चालतं. हे वाचून स्वतः करावं असं नाही, पण समोर होत असलेलं काम बरोबर आहे का, हे तुम्हाला कळेल.

१. इंजिन थंड असावं, मॅन्युअलमध्ये गरम इंजिनाचा आकडा दिला असेल तेवढाच अपवाद. गाडी सपाट जागी, चाकांना ओट, गिअर न्यूट्रल, चावी काढलेली.

२. टॅपेट कव्हर काढण्याआधी वरची धूळ पुसायची. रस्त्याची माती आत पडली तर सेटिंगचा फायदा तिथेच संपला.

३. इंजिन हाताने फिरवायचं, स्टार्टरने नाही. ज्या सिलिंडरची फट मोजायची, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद असायला हवेत. ते ओळखायची जुनी खूण म्हणजे त्याचा जोडीदार सिलिंडर. जोडीदाराचा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडायला लागतो, म्हणजे त्याचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलतात, तेव्हा आपला सिलिंडर मोकळा असतो. १-५-३-६-२-४ अशा क्रमाने फायर होणाऱ्या ६ सिलिंडरच्या इंजिनात जोडीची बेरीज ७ येते: १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४. चार सिलिंडरच्या १-३-४-२ क्रमात बेरीज ५ येते: १ आणि ४, ३ आणि २.

४. आता फिलर गेज. ठरलेल्या जाडीची पाती फटीत घालायची. ती किंचित अडकत, पण न वाकता सरकली पाहिजे.

५. आणि इथे बहुतेकांकडून सुटणारी पायरी: स्क्रू फिरवण्याआधी आहे ती फट मोजून कागदावर लिहायची. प्रत्येक व्हॉल्व्हची.

६. मग लॉक नट सैल करून स्क्रू सेट करायचा, नट आवळायचा आणि फिलर पुन्हा घालून बघायचा. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून दुसऱ्यांदा मोजणं सक्तीचं. स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर असेल, तर पाव फेऱ्याने पाव मिलिमीटर सरकतो. कमिन्सच्या त्या इंजिनातली इनलेटची पूर्ण फट एवढीच आहे! "अंदाजाने पाव फेरा" किती महाग पडतो, ते यावरून कळेल.

कागदावरचे आकडे काय सांगतात?

पाचव्या पायरीवरचा तो कागद म्हणजे इंजिनाचा रक्ततपासणीचा रिपोर्ट समजा.

सगळ्याच फटी थोड्या वाढलेल्या असतील तर ती रोजची झीज. सेट करा आणि पुढे चला.

एकाच व्हॉल्व्हची फट खूप वाढली असेल तर कारण शोधा. पुशरॉड वाकला असेल. तो काढून सपाट काचेवर घरंगळवला की वाकलेला लगेच डगमगतो. लॉक नट सैल झाला असेल, किंवा कॅमचा उंचवटा झिजला असेल. कॅम झिजला असेल तर सेट केलेली फट काही दिवसांत पुन्हा वाढते आणि गाडी खेचत नाही. ऑइल फिल्टर कापून बघितला तर कागदावर चकाकणारा धातूचा चुरा दिसतो.

फट बरोबर सेट केली, तरी आवाज जात नसेल तर रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्हच्या दांडीने तिथे खळगा पडलेला असतो. फिलरची सपाट पाती खळग्याच्या दोन कडांवर टेकते आणि खालची पोकळी मोजलीच जात नाही. मापात बरोबर, प्रत्यक्षात सैल. अशा वेळी स्क्रू आणखी आवळणं हा उपाय नाही, रॉकर घासून घेणं किंवा बदलणं हा आहे.

आणि फट कमी झालेली असेल तर? ती सर्वात गंभीर नोंद. सीट झिजते आहे किंवा व्हॉल्व्ह ताणला जातो आहे. सेट करा, पण पुढची तपासणी लवकर ठेवा. त्यात पुन्हा तेवढीच कमी झाली तर हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह बघायची तयारी ठेवा.

व्हॉल्व्ह आधीच जळलाय अशी शंका असेल तर हेड न उतरवताही तपासता येतं. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, इंजिन फिरणार नाही अशी काळजी घेऊन, इंजेक्टरच्या किंवा प्लगच्या जागेतून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

घाट उतरताना वाकणारे पुशरॉड

पनवेलच्या गाड्यांचा एक खास दोष सांगायलाच हवा. समुद्रसपाटीजवळच्या या भागातून लोणावळ्यापर्यंत जाताना सुमारे ६०० मीटर चढ येतो आणि त्यातला बहुतेक बोरघाटात. चढताना इंजिन तापतं, ते सगळ्यांना दिसतं. उतरताना होणारं नुकसान दिसत नाही.

डिझेल वाचवायला काही जण खोपोलीकडे उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ब्रेक तापायला लागले की घाईत खालचा गिअर टाकतात. त्या क्षणी २०-३० टनांची गाडी चाकांमधून इंजिनाला फिरवते. गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, पण चाकं इंजिनाला फिरवतात ते तो थांबवू शकत नाही. आरपीएम मर्यादेपलीकडे जातात. मग स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत परत आणू शकत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो आणि पुशरॉड वाकतो. "काल घाट उतरलो आणि आज टॅपेट वाजायला लागला" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. चालकाने मिस्त्रीला हे लपवू नये. एका वाक्याने दोन दिवसांचं शोधकाम वाचतं.

न्यूट्रलचा खरा धोका अर्थात इंजिनापेक्षा मोठा आहे. तापून निकामी झालेले ब्रेक आणि पुढे गाड्यांची रांग, हे घाटात जीव घेतं. उतारावर गाडी आधीच खालच्या गिअरमध्ये घ्यायची, एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा आणि आरपीएमचा काटा लाल पट्ट्याखाली ठेवायचा.

घाटातच अचानक मोठी खडखड सुरू झाली, इंजिन मिस मारायला लागलं किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी शक्य तितकी डावीकडे घेऊन इंजिन बंद करा. धोक्याचे दिवे लावा, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवा. चाकामागे लावलेले दगड जाताना रस्त्यातच सोडून जाऊ नका. मागून येणाऱ्या दुचाकीला तो दगड अंधारात दिसत नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं?

एकच ट्रक किंवा एकच व्हॅन असलेल्या माणसासाठी गाडी उभी राहणं म्हणजे धंदा बंद, पण बँकेचा हप्ता चालू. टॅपेट सेटिंग हे काही तासांचं काम. हेड उतरवणं, लेथवर सीट कापणं, व्हॉल्व्ह घासणं किंवा बदलणं हे काही दिवसांचं. आणि व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला तर पूर्ण इंजिन. या तीन पायऱ्यांमधला फरक बऱ्याचदा एका चुकीच्या वाक्याने पडतो: "आवाज बंद करून द्या."

त्याऐवजी असं म्हणा: "टॅपेट मोजून सेट करा आणि आधी किती फट होती ते लिहून द्या." चांगल्या मिस्त्रीला या मागणीचा राग येत नाही. तोही म्हणेल, "शेठ, आधी फिलर घालून बघतो, मग सांगतो." कव्हर उघडण्याआधीच "दोन मिनिटांत गप्प करतो" असं कोणी म्हणालं, तर गाडी दुसरीकडे न्या.

मिळालेले आकडे एका वहीत तारीख आणि किलोमीटरसह उतरवून ठेवा. पुढच्या वेळी तीच वही मिस्त्रीसमोर ठेवा. दोन नोंदींतला फरक इंजिनाची चाल सांगतो, जी कुठलाही कान एका भेटीत सांगू शकत नाही.

थोडक्यात, फट मॅन्युअलच्या आकड्याएवढी असेल तर हलकी टिक-टिक ऐकू आली तरी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. आणि काल वाजणारी गाडी आज कोणी हात न लावता शांत झाली असेल, तर मात्र फिलर गेज काढायची वेळ आली आहे.